कार्च किराय

कार्च किराय (जन्म : ३ नोव्हेंबर, इ.स. १९६०) हे अमेरिकेचे निवृत्त व्हॉलीबॉलपटू आणि प्रशिक्षक आहेत. सहा खेळाडूंचे सभागृहातील व्हॉलीबॉल आणि दोन खेळाडूंचे बीच व्हॉलीबॉल या दोन्ही प्रकारांत ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविणारे ते एकमेव खेळाडू आहेत. इ.स. १९८४ (लॉस एंजेलस) आणि इ.स. १९८८ (सोल) येथे त्यांनी राष्ट्रीय संघाकडून, तर इ.स. १९९६ (अटलांटा) येथे केंट स्टेफस यांच्या साथीने वाळूवर सुवर्णपदक जिंकले. पुढे प्रशिक्षक या नात्याने त्यांनी अमेरिकेच्या महिला संघाला टोकियो ऑलिंपिकमध्ये त्या संघाचे पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. आंतरराष्ट्रीय व्हॉलीबॉल महासंघाने विसाव्या शतकातील सर्वोत्तम पुरुष खेळाडू हा सन्मान किराय आणि इटलीचे लोरेन्झो बेर्नार्दी यांना विभागून दिला.

नाव आणि बालपण

किराय यांचे मूळ नाव चार्ल्स फ्रेडरिक किराय. त्यांचे वडील लास्लो किराय हे हंगेरीच्या कनिष्ठ राष्ट्रीय संघाचे व्हॉलीबॉलपटू होते. इ.स. १९५६ मध्ये हंगेरीतील उठाव सोव्हिएत सैन्याने चिरडला, त्या काळात त्यांनी देश सोडला व ते अमेरिकेत स्थायिक झाले. ‘चार्ल्स’ या नावाचे हंगेरियन रूप ‘कारोली’ असे आहे आणि त्याचे घरगुती लाडके रूप ‘कार्ची’. त्यावरूनच ‘कार्च’ हे नाव रूढ झाले. हंगेरियन भाषेत ‘किराय’ या शब्दाचा अर्थ ‘राजा’ असा होतो. रोमन लिपीतील अक्षरांवरून हे आडनाव ‘किराली’ असे वाचले जाण्याचा संभव असतो. परंतु हंगेरियन उच्चारात त्यातील शेवटच्या दोन अक्षरांचा मिळून ‘य’ होतो.

किराय यांचा जन्म मिशिगन राज्यातील जॅक्सन येथे झाला. त्यांचे बालपण मात्र प्रामुख्याने कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा या समुद्रकाठच्या गावी गेले. वयाच्या सहाव्या वर्षी वडिलांनी त्यांना व्हॉलीबॉलचे पहिले धडे दिले. अकराव्या वर्षी ते वडिलांचेच जोडीदार म्हणून वाळूवरच्या पहिल्या स्पर्धेत उतरले. समोर बहुतेक प्रौढ खेळाडू असत. दोघांच्या संघात लहान वयाच्या खेळाडूला लपविण्याची सोय नसते. प्रतिस्पर्धी प्रत्येक सर्व्हिस त्याच्याकडेच करणार, हे गृहीत धरावे लागते. पुढे जगभर नावाजलेली किराय यांची चेंडू स्वीकारण्याची हातोटी अशा परिस्थितीत घडत गेली.

दोन प्रकारांतील फरक

किराय यांच्या कारकिर्दीचे वेगळेपण समजण्यासाठी या दोन प्रकारांतील फरक ध्यानात घेणे आवश्यक आहे. पुरुषांच्या सामन्यात दोन्हीकडे जाळ्याची उंची २.४३ मीटर असते आणि जास्तीत जास्त तीन स्पर्शांत चेंडू परतविण्याचा नियमही दोन्हीकडे आहे. साम्य येथे जवळजवळ संपते.

सभागृहातील खेळात प्रत्येक बाजूला सहा खेळाडू असतात आणि त्यांची कामे वाटलेली असतात. एक जण चेंडू उचलून देतो. त्याला सेटर म्हणतात, आपल्याकडील मैदानांवर तो ‘लिफ्टर’ या नावाने ओळखला जातो. मधले उंच खेळाडू प्रामुख्याने ब्लॉक करतात, तर कडेचे खेळाडू स्मॅश मारतात. एखाद्याचे एखादे अंग कच्चे असले तरी संघरचनेत ते झाकता येते. इ.स. १९९८ च्या सुमारास केवळ बचावासाठी ‘लिबेरो’ हा वेगळा खेळाडू आल्यापासून ही श्रमविभागणी अधिकच पक्की झाली.

बीच व्हॉलीबॉलमध्ये केवळ दोन खेळाडू असतात आणि बदली खेळाडू नसतो. सर्व्हिस स्वीकारणे, चेंडू उचलून देणे, स्मॅश मारणे, ब्लॉक करणे आणि मागे धावून चेंडू वाचविणे ही सर्व कामे दोघांनाच करावी लागतात. वाळूत पाय रुततात, त्यामुळे उडीची उंची कमी होते. वारा चेंडूची दिशा बदलतो, सूर्य डोळ्यांवर येतो; म्हणून ठराविक गुणांनंतर बाजू बदलल्या जातात. ब्लॉकला लागलेला चेंडू सभागृहात तीन स्पर्शांत धरला जात नाही, वाळूवर तो पहिला स्पर्श ठरतो. बोटांनी हळूच चेंडू टाकण्याची युक्ती सभागृहात नित्याची आहे, वाळूवर ती नियमबाह्य आहे. किराय यांच्या उमेदीच्या काळात दोन्ही प्रकारांत प्रामुख्याने सर्व्हिस करणाऱ्या संघालाच गुण मिळत असे. त्यामुळे सामने लांबत आणि दमसासाची कसोटी लागे. वाळूवरील मैदानाची प्रत्येक बाजूही तेव्हा ९ मीटर लांब व ९ मीटर रुंद होती. ती ८ मीटर करण्यात आली ती त्यांच्या कारकिर्दीच्या उत्तरार्धात.

या फरकांमुळे एका प्रकारातील उत्तम खेळाडू दुसऱ्या प्रकारात तितकाच यशस्वी होईल असे सहसा घडत नाही. किराय हा त्याला ठळक अपवाद होय.

विद्यापीठातील वर्षे

सांता बार्बरा हायस्कूलमधील शिक्षणानंतर किराय यांनी लॉस एंजेलस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात प्रवेश घेतला. तेथे अल स्केट्स हे प्रशिक्षक होते. इ.स. १९७९ ते इ.स. १९८२ या चार हंगामांत विद्यापीठाच्या संघाने इ.स. १९७९, १९८१ आणि १९८२ अशी तीन राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळविली. त्यांपैकी पहिल्या व शेवटच्या हंगामात संघ अपराजित राहिला. चार वर्षांत मिळून संघाने १२३ सामने जिंकले आणि अवघे ५ गमावले.

पहिल्या हंगामात सिंजिन स्मिथ हे त्यांचे सहकारी होते. संघरचना अशी होती की, किराय आणि स्मिथ हे दोघेही मागच्या रांगेत असताना सेटरचे आणि पुढच्या रांगेत असताना आक्रमकाचे काम करीत. वाळूवर सर्व कामे करण्याची सवय असलेल्या खेळाडूंना ही रचना सोयीची होती. सुटीच्या दिवसांत हे दोघे जोडीने समुद्रकाठच्या स्पर्धाही खेळत व जिंकत. हाच सहकारी सतरा वर्षांनंतर ऑलिंपिकमध्ये प्रतिस्पर्धी म्हणून समोर येणार होता. खेळाबरोबर किराय यांनी अभ्यासाकडेही दुर्लक्ष केले नाही. इ.स. १९८३ मध्ये त्यांनी जीवरसायनशास्त्राची पदवी गुणवत्तेसह संपादन केली.

राष्ट्रीय संघ : इ.स. १९८१ ते इ.स. १९८९

व्हॉलीबॉलचा उगम अमेरिकेतला. इ.स. १८९५ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील होल्योक येथे विल्यम मॉर्गन यांनी हा खेळ तयार केला. मात्र इ.स. १९६४ मध्ये ऑलिंपिकमध्ये त्याचा समावेश झाल्यानंतर त्यावर वर्चस्व राहिले ते सोव्हिएत संघ, पूर्व युरोपातील देश आणि जपान यांचे. अमेरिकेचा पुरुष संघ इ.स. १९७२ आणि १९७६ च्या ऑलिंपिकसाठी पात्रही ठरला नव्हता. इ.स. १९८१ मध्ये किराय राष्ट्रीय संघात दाखल झाले, तेव्हा संघाची स्थिती अशी होती.

प्रशिक्षक डग बील यांनी या संघासाठी सर्व्हिस स्वीकारण्याची वेगळी पद्धत अवलंबिली. तोपर्यंत सेटर वगळता बहुतेक सर्व खेळाडू सर्व्हिस घेण्यासाठी मैदानात पसरून उभे राहत. बील यांनी हे काम प्रामुख्याने किराय आणि अल्डिस बर्झिन्स या दोघांवर सोपविले. त्यामुळे उरलेले खेळाडू पहिल्या क्षणापासून आक्रमणाच्या तयारीत राहू शकले. नऊ मीटर रुंदीचे मैदान दोघांनी सांभाळणे ही सभागृहातील खेळाडूंना धाडसाची गोष्ट वाटे. वाळूवर वाढलेल्या किराय यांच्यासाठी ती नेहमीचीच बाब होती. पुढे विशेष स्वीकारक नेमण्याची ही कल्पना जगभर पसरली.

इ.स. १९८४ च्या लॉस एंजेलस ऑलिंपिकमध्ये २३ वर्षांचे किराय हे अमेरिकेच्या संघातील सर्वांत लहान खेळाडू होते. प्राथमिक फेरीत ब्राझीलने अमेरिकेचा ३-० असा पराभव केला. मात्र अंतिम सामन्यात त्याच ब्राझीलला अमेरिकेने १५-६, १५-६, १५-७ असे नमविले. व्हॉलीबॉलमध्ये अमेरिकेच्या पुरुष संघाचे हे पहिलेच ऑलिंपिक पदक होते.

या यशावर एक आक्षेप मात्र घेतला जाई. तत्कालीन जगज्जेता सोव्हिएत संघ बहिष्कारामुळे या ऑलिंपिकमध्ये उतरला नव्हता. तेव्हा अमेरिकेचे सुवर्णपदक कितपत खरे, असा प्रश्न विचारला गेला. त्याचे उत्तर पुढच्या चार वर्षांत मैदानावरच मिळाले. मार्व्ह डन्फी यांच्या मार्गदर्शनाखाली संघाने इ.स. १९८५ मध्ये जपानमधील विश्वचषक जिंकला. इ.स. १९८६ मध्ये पॅरिस येथे जागतिक अजिंक्यपद स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याने सोव्हिएत संघाला ३-१ असे हरविले. इ.स. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये किराय संघनायक होते. तेथील अंतिम सामन्यात पुन्हा सोव्हिएत संघच समोर आला. पहिला डाव १३-१५ असा गमावल्यावर अमेरिकेने पुढील तिन्ही डाव जिंकून सुवर्णपदक राखले. आंतरराष्ट्रीय महासंघाने इ.स. १९८६ आणि इ.स. १९८८ अशा दोन्ही वर्षी किराय यांना जगातील सर्वोत्तम खेळाडू ठरविले.

इटलीतील व्यावसायिक खेळ

इ.स. १९८९ मध्ये किराय यांनी राष्ट्रीय संघ सोडला. अमेरिकेत सभागृहातील खेळासाठी स्थिर व्यावसायिक स्पर्धा नव्हती. इटलीत मात्र ती भरभराटीला आली होती. इ.स. १९९० मध्ये किराय आणि राष्ट्रीय संघातील त्यांचे सहकारी स्टीव्ह टिमन्स हे रेवेन्ना येथील ‘इल मेसाजेरो’ या संघाकडून खेळू लागले. या संघाने इ.स. १९९१ मध्ये इटलीचे अजिंक्यपद, इटालियन चषक आणि क्लब संघांचे जागतिक अजिंक्यपद, तर इ.स. १९९२ मध्ये युरोपीय अजिंक्यपद मिळविले. दोन हंगामांनंतर किराय कॅलिफोर्नियाला परतले आणि तेथून पुढे त्यांनी सर्व लक्ष वाळूवरच्या खेळावर केंद्रित केले.

वाळूवरील कारकीर्द

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर वाळूवरचा खेळ प्रथम हौसेचा होता. इ.स. १९८३ मध्ये खेळाडूंनी एकत्र येऊन व्यावसायिक व्हॉलीबॉलपटूंची संघटना स्थापन केली. ती ‘एव्हीपी’ या नावाने ओळखली जाते. तिच्या प्रयत्नांतून स्पर्धांची संख्या आणि बक्षिसांच्या रकमा वाढल्या. किराय यांनी केंट स्टेफस यांच्याशी जोडी जमविली. वयाने जवळजवळ आठ वर्षांनी लहान असलेल्या स्टेफस यांच्याकडे जाळ्याजवळची ताकद होती, तर किराय यांच्याकडे स्वीकार, बचाव आणि प्रतिस्पर्ध्याची चाल आधीच ओळखण्याची दृष्टी होती. ही जोडी इ.स. १९९० नंतरच्या काळात अमेरिकेच्या किनाऱ्यांवर प्रबळ ठरली. डोळ्यांवरचे ऊन अडविणारी त्यांची गुलाबी टोपी ही या काळात त्यांची ओळखच बनली.

अटलांटा, इ.स. १९९६

इ.स. १९९६ च्या ऑलिंपिकमध्ये बीच व्हॉलीबॉलचा प्रथमच समावेश झाला. परंतु त्याआधीच अमेरिकेत एक वाद उभा राहिला होता. ऑलिंपिकमधील प्रवेश आंतरराष्ट्रीय महासंघाच्या जागतिक मालिकेतील गुणांवर ठरावा, असे महासंघाचे धोरण होते. एव्हीपीचे खेळाडू मात्र स्वतःच्या देशांतर्गत मालिकेला बांधलेले होते, आणि जगातील सर्वांत चुरशीच्या स्पर्धा आपल्याच मालिकेत होतात असे त्यांचे म्हणणे होते. किराय एव्हीपीच्या बाजूने उभे राहिले. सिंजिन स्मिथ यांनी महासंघाच्या मालिकेत खेळण्याचा मार्ग स्वीकारला. अखेर तडजोड झाली. अमेरिकेच्या तीन जागांपैकी एक जागा जागतिक मालिकेतून भरली गेली. ती स्मिथ आणि कार्ल हेन्केल यांना मिळाली. उरलेल्या दोन जागांसाठी बाल्टिमोर येथे निवड स्पर्धा झाली. तीतून किराय-स्टेफस आणि माइक डॉड-माइक व्हिटमार्श या जोड्या पात्र ठरल्या.

अटलांटा येथे या दोन बाजू समोरासमोर आल्या. एकेकाळी एकाच संघात आणि एकाच जोडीत खेळलेले ३५ वर्षांचे किराय आणि ३९ वर्षांचे स्मिथ जाळ्याच्या दोन बाजूंना उभे होते. त्या वेळी सुरुवातीच्या फेऱ्यांत एकच डाव खेळला जात असल्याने चूक सुधारण्यास दुसऱ्या डावाची संधी नव्हती. अत्यंत चुरशीचा हा सामना किराय आणि स्टेफस यांनी १७-१५ असा जिंकला. अनेक जाणकारांच्या मते अंतिम सामन्यापेक्षाही हाच सामना या स्पर्धेचा कळसबिंदू होता. २८ जुलै रोजी झालेल्या अंतिम सामन्यात त्यांनी डॉड आणि व्हिटमार्श यांचा १२-५, १२-८ असा पराभव केला. ऑलिंपिकमधील बीच व्हॉलीबॉलचे पुरुषांचे पहिले सुवर्णपदक अशा रीतीने त्यांच्या नावे नोंदले गेले.

उत्तरार्ध आणि निवृत्ती

यानंतरही किराय दहा वर्षांहून अधिक काळ खेळत राहिले. अॅडम जॉन्सन आणि माइक लॅम्बर्ट हे त्यांचे पुढील काळातील प्रमुख जोडीदार होत. अमेरिकेतील बीच व्हॉलीबॉलमधील सर्वाधिक विजेतेपदांचा विक्रम पूर्वी सिंजिन स्मिथ यांच्या नावावर होता. त्यांची १३९ विजेतेपदांची संख्या किराय यांनी इ.स. १९९९ मध्ये ओलांडली. इ.स. २००५ मध्ये लॅम्बर्ट यांच्यासोबत हंटिंग्टन बीच येथील स्पर्धा जिंकली, तेव्हा किराय यांचे वय ४४ वर्षे होते. उंची, वेग आणि उडी यांवर अवलंबून असलेल्या खेळात हे वय असाधारण मानले जाते. इ.स. २००७ च्या हंगामानंतर ते निवृत्त झाले. तोपर्यंत त्यांच्या विजेतेपदांची संख्या १४८ झाली होती.

इ.स. २००१ मध्ये होल्योक येथील व्हॉलीबॉल कीर्तिदालनात त्यांचा समावेश करण्यात आला. ‘द सँड मॅन’ हे त्यांचे आत्मचरित्र इ.स. १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. इ.स. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये त्यांनी दूरचित्रवाणीवर बीच व्हॉलीबॉलचे समालोचन केले.

प्रशिक्षक

इ.स. २००९ मध्ये किराय अमेरिकेच्या महिला संघाचे साहाय्यक प्रशिक्षक झाले. मुख्य प्रशिक्षक ह्यू मॅकचन यांच्या मार्गदर्शनाखाली या संघाने इ.स. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळविले. त्यानंतर मुख्य प्रशिक्षकपद किराय यांच्याकडे आले. इ.स. १९८४, २००८ आणि २०१२ अशी तीन ऑलिंपिक रौप्यपदके मिळवूनही या संघाला ऑलिंपिक अथवा जागतिक अजिंक्यपद एकदाही जिंकता आले नव्हते.

इ.स. २०१४ मध्ये इटलीत झालेल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेच्या अंतिम सामन्यात अमेरिकेच्या महिलांनी चीनला ३-१ असे हरविले आणि ही प्रतीक्षा संपली. इ.स. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये उपान्त्य सामन्यात सर्बियाकडून २-३ असा निसटता पराभव झाल्यामुळे संघाला कांस्यपदकावर समाधान मानावे लागले. इ.स. २०२१ मध्ये भरलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये मात्र त्याच सर्बियाला उपान्त्य सामन्यात आणि ब्राझीलला अंतिम सामन्यात ३-० असे हरवून अमेरिकेच्या महिलांनी पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकले. व्हॉलीबॉलमध्ये खेळाडू आणि मुख्य प्रशिक्षक अशा दोन्ही नात्यांनी ऑलिंपिक सुवर्ण मिळविण्याचा मान यापूर्वी चीनच्या लांग पिंग यांनी मिळविला होता. त्या पंक्तीत आता किराय जाऊन बसले. इ.स. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये इटलीकडून अंतिम सामन्यात पराभव झाल्याने संघास रौप्यपदक मिळाले. त्यानंतर किराय यांची अमेरिकेच्या पुरुष संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदी नियुक्ती झाली. इ.स. २०२८ चे ऑलिंपिक लॉस एंजेलस येथे, म्हणजे त्यांनी पहिले सुवर्णपदक जिंकले त्याच नगरीत, होणार आहे.

शैली आणि महत्त्व

सुमारे १.९० मीटर उंचीचे किराय हे आंतरराष्ट्रीय व्हॉलीबॉलच्या मानाने फार उंच नव्हते. त्यांच्याहून उंच उडणारे आणि जोरकस स्मॅश मारणारे खेळाडू त्यांच्या काळातही होते. त्यांचे श्रेष्ठत्व दिसे ते गुणफलकावर न येणाऱ्या कामात. सर्व्हिस अचूक स्वीकारून चेंडू सेटरच्या हाती सोपविणे आणि जमिनीलगतचा चेंडू वाचविणे ही ती कामे होत. प्रेक्षकांच्या टाळ्या स्मॅशला मिळतात. पण पहिला स्पर्श बिघडला तर स्मॅशची वेळच येत नाही. किराय यांनी हा पहिला स्पर्श कलेच्या पातळीवर नेला.

त्यांच्या कारकिर्दीवरून विद्यार्थ्यांना एक गोष्ट विशेषत्वाने समजून घेता येते. लहानपणीच एका कामात तरबेज करून त्यातच खेळाडूला गुंतविण्याची प्रवृत्ती आधुनिक खेळात वाढली आहे. किराय यांची जडणघडण याच्या उलट होती. वाळूवर त्यांना खेळाची सर्व अंगे शिकावी लागली, आणि त्या सर्वांगीण तयारीमुळेच सभागृहातील एका विशिष्ट कामात ते जगात अग्रेसर ठरले. वाळूवरच्या शिक्षणाने सभागृहातील यश दिले आणि सभागृहातील शिस्तीने वाळूवरची कारकीर्द दीर्घ केली. दोन सुवर्णपदकांनंतर मिळालेल्या तिसऱ्या सुवर्णपदकाचे खरे महत्त्व त्यात आहे.

प्रमुख यश

ऑलिंपिक सुवर्णपदके (खेळाडू) : इ.स. १९८४, इ.स. १९८८ (सभागृह), इ.स. १९९६ (बीच)
विश्वचषक : इ.स. १९८५
जागतिक अजिंक्यपद : इ.स. १९८६
क्लब संघांचे जागतिक अजिंक्यपद : इ.स. १९९१ (रेवेन्ना)
युरोपीय क्लब अजिंक्यपद : इ.स. १९९२ (रेवेन्ना)
बीच व्हॉलीबॉलमधील विजेतेपदे : १४८
मुख्य प्रशिक्षक, अमेरिका महिला संघ : जागतिक अजिंक्यपद इ.स. २०१४, ऑलिंपिक कांस्य रिओ २०१६, सुवर्ण टोकियो २०२०, रौप्य पॅरिस २०२४